पदवीनंतरची उमेदवारी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रातील काही वर्षे

सन १९२७ च्या डिसेंबर महिन्याच्या २५ तारखेस आपल्या दासगावच्या बंदरात मुंबईची मंडळी उतरली. आदल्या दिवशी पद्मावती बोटीने ती निघाली होती. बंदरावर हजारो सत्याग्रही सकाळपासून वाट पाहत उभे होते, आणि जिल्हाधिकाऱ्यांचे पत्र घेऊन पोलीस अधिकारीही उभा होता. तेथून पाच मैलांची वाट पायी तुडवीत मंडळींची मिरवणूक महाडास गेली. पुढे महाडात काय घडले हे आपल्या घराघरांतील मुलांस ठाऊक आहे. ज्यांचे आजे-पणजे त्या दिवशी बंदरावर होते अशी कुटुंबे आपल्या मंडळात आहेत. तेव्हा ती कथा येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही.

मात्र त्या दिवशी आपल्या बंदरात उतरलेल्या पुरुषाविषयी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यांचे वय त्या वेळी ३६ वर्षांचे होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या एम. ए. व पीएच. डी., लंडनच्या एम. एस्सी. व डी. एस्सी. आणि ग्रेज इन येथील बॅरिस्टरी अशा पदव्या त्यांच्या नावापुढे होत्या. त्या काळच्या हिंदुस्थानात एवढी विद्या अंगी असलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकीच होती. असे असता त्यांच्या चरितार्थाचे साधन काय होते? हायकोर्टातील वकिलीचा जम अजून बसावयाचा होता. त्या तुटपुंज्या मिळकतीला जोड म्हणून १९२५ च्या जूनपासून ते मुंबईतील बाटलीबॉय अकौंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये, हिशेबनिसीच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलांना, व्यापारी कायदा अर्धवेळ शिकवीत असत. ही नोकरी त्यांनी मार्च १९२८ पर्यंत केली. म्हणजे दासगावास पाऊल ठेवले त्या दिवशी बाबासाहेब हे एका खासगी शिकवणी-संस्थेचे अर्धवेळ शिक्षक होते.

हा विषय यंदाच्या स्मरणिकेसाठी मुद्दाम निवडला आहे. मागील काही वर्षांत आपल्या मंडळाच्या गुणगौरव समारंभात पदवीधरांची नावे वाढत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु समारंभ आटोपल्यावर चहाच्या वेळी पालक जवळ येऊन जे विचारतात ते आनंदाचे नसते. मुलगा बी. कॉम. झाला, महाडच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात मदतनीस म्हणून घेतो म्हणतात, ठेकेदाराकडून पगार, पाठवावा की नाही? मुलगी बी. एस्सी. झाली, दुकानात हिशेब लिहिण्याचे काम मिळते आहे, ते धरावे की परीक्षांची वाट पाहत आणखी दोन वर्षे घरी बसवावी? एकदा खालच्या जागी बसला की माणूस कायमचा खालीच राहतो, असे एक वडील म्हणतात. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असे दुसरे म्हणतात. प्रस्तुत लेखक स्वतः केवळ मॅट्रिक असून त्याने जन्मभर प्राथमिक शाळेत शिकविले. पदवीधरांस सल्ला देण्याचा त्याचा अधिकार नाही. म्हणून ज्यांचा अधिकार आहे त्यांच्याच आयुष्याची काही पाने येथे उलगडून ठेवीत आहे.

बाबासाहेबांच्या वडिलांपासून आरंभ केला पाहिजे. सुभेदार रामजी सकपाळ यांचे मूळ गाव आंबडवे हे मंडणगड तालुक्यातले, म्हणजे आपल्या सावित्रीच्या पलीकडचेच. पलटणीतील शाळेत त्यांनी अनेक वर्षे मुख्याध्यापकाचे काम केले होते. मुलांचे इंग्रजी व गणित स्वतः पक्के करून घेणारा, पहाटे उठून अभ्यासास बसविणारा हा करडा शिक्षक होता. निवृत्त झाल्यावर हेच मुख्याध्यापक सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात, दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने काढलेल्या तलावाच्या खोदाईवर खजिनदार म्हणून राहिले. मजुरांच्या रोजाचे पैसे मोजून देण्याचे ते काम होते. मुले घरी साताऱ्यास आणि बाप माळावर तंबूत, अशी स्थिती होती. सुभेदाराने पैसे मोजावयाचे काम का पत्करावे, असे त्या वेळीही कोणी म्हटले असेल. परंतु निवृत्तिवेतनात मुलांची शिक्षणे भागत नव्हती, आणि रामजींच्या हिशेबात मुलांच्या पुस्तकांची किंमत स्वतःच्या हुद्द्यापेक्षा अधिक होती. मुंबईस आल्यावर मुलाने मागितलेल्या पुस्तकासाठी हा बाप लग्न झालेल्या मुलीकडे जाई, तिचा दागिना मागून घेऊन गहाण टाकी, आणि निवृत्तिवेतन हाती आले की सोडवून परत देई.

भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. त्या प्रसंगी सत्कार झाला, आणि त्या सत्कारास कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे गृहस्थ होते. केळुसकर गुरुजी विल्सन हायस्कुलात शिक्षक होते व ग्रंथकारही होते. बागेत एकटाच पुस्तक वाचीत बसणाऱ्या या मुलाशी त्यांनी आपण होऊन ओळख केली होती. पुढे इंटरनंतर शिक्षण अडले तेव्हा त्यांनीच महाराज सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला व दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. एका शाळामास्तराच्या शब्दाने कोठवर काम केले, हे आमच्या व्यवसायबंधूंनी अवश्य लक्षात ठेवावे! एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजी व पर्शियन हे विषय घेऊन भीमराव बी. ए. झाले. संस्कृत शिकण्याची इच्छा शाळेतच मोडली गेली होती, म्हणून पर्शियन.

१९१३ च्या जानेवारीत पदवी हाती होती, आणि आपल्या पालकांपुढे आज जो प्रश्न आहे तोच परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत उभा राहिला. बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेतली होती, तेव्हा बडोद्याची नोकरी करणे हे भीमरावांस कर्तव्य वाटत होते. रामजींचा याला स्पष्ट विरोध होता. बडोद्यात अस्पृश्य म्हणून मुलाच्या वाट्यास काय येईल हे त्या अनुभवी शिपायाने ओळखले होते. मुलाने मुंबईतच काही तरी पाहावे असे त्यांचे मत होते. मुलाने ऐकले नाही. तो बडोद्यास गेला व संस्थानच्या सैन्यात लेफ्टनंटच्या जागेवर रुजू झाला. राहण्यास जागा मिळेना, तेव्हा आर्यसमाजाच्या कचेरीत पथारी टाकली. जेमतेम पंधरवडा झाला नाही तोच वडिलांच्या आजारपणाची तार आली.

परतीच्या वाटेवर सुरत स्टेशनात वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून भीमराव उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या गाडीने घरी पोचेपर्यंत दिवस उलटला होता. रामजींनी मुलाच्या पाठीवरून हात फिरविला आणि प्राण सोडला. ती तारीख २ फेब्रुवारी १९१३. चरित्रकारांनी हा प्रसंग हेलावून टाकणाऱ्या शब्दांत लिहिला आहे. येथे एवढेच नमूद करावयाचे की, पदवीनंतरच्या पहिल्या नोकरीच्या बाबतीत बाप व मुलगा यांच्यात मतभेद होता आणि तो मिटण्यापूर्वीच बाप गेला. बरोबर कोण होते? पुढे बडोद्यात जे घडले ते पाहता रामजींची धास्ती खरी ठरली. परंतु बडोद्याचा संबंध भीमरावांनी राखला नसता, तर अमेरिकाही घडली नसती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. घरात मतभेद झाला म्हणजे एक शहाणा व दुसरा अडाणी असे मानण्याची जी घाई आपण करतो, ती या ठिकाणी उपयोगी पडत नाही.

महाराजांनी काही विद्यार्थी अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले, त्यांत भीमरावांची निवड झाली. १९१३ च्या ४ जून रोजी करारावर सही झाली. शिक्षण संपल्यावर बडोदे संस्थानात १० वर्षे नोकरी करावी असे त्यात होते. जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. तेथील तीन वर्षांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून ते येथे आवरते घेतो. एम. ए. झाले, पीएच. डी.चा प्रबंध सादर झाला, आणि १९१६ च्या ऑक्टोबरात लंडनला अर्थशास्त्राच्या शाळेत व ग्रेज इनमध्ये नाव दाखल झाले. एवढ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ च्या उन्हाळ्यात बडोद्याहून परत येण्याचा हुकूम झाला.

येथे एक गोष्ट त्यांनी केली तिच्याकडे तरुणांनी नीट पाहावे. लंडन सोडण्यापूर्वी त्यांनी विद्यापीठाकडून परवानगी मिळविली की, ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करता यावा. खिशात पैसा नाही, परत येण्याची काही आशा दिसत नाही, महायुद्ध पेटलेले आहे, दहा वर्षांच्या नोकरीचा करार डोक्यावर आहे, आणि हा गृहस्थ चार वर्षांची मुदत लिहून घेतो! पुढील सर्व नोकऱ्या त्यांनी या मुदतीच्या पोटात केल्या, हे लक्षात ठेवून पुढील भाग वाचावा.

परत येताना सामान दुसऱ्या बोटीने पाठविले होते. ती बोट शत्रूच्या पाणतीराने बुडाली व ग्रंथसंग्रहाचा मोठा भाग समुद्रात गेला. बुडालेल्या सामानाची जी भरपाई मिळाली, तिच्यातून बडोद्यास जाण्याचा खर्च भागविला गेला. १९१७ च्या सप्टेंबरात ते बडोद्यास गेले. महाराजांच्या मनात त्यांना पुढे अर्थखात्यात मोठ्या जागी न्यावयाचे होते, आणि तूर्त लष्करी सचिवाच्या जागेवर नेमणूक झाली. हुद्दा मोठा, महाराजांचा लोभ मोठा. परंतु कचेरीतील शिपाई कागद हातात देण्याऐवजी लांबून टेबलावर टाकीत. पिण्यास पाणी मिळण्याची पंचाईत होती. गावात कोणी बिऱ्हाड देईना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक जिन्यात येऊन उभे राहिले आणि त्यांना जागा सोडावी लागली. त्या दिवशी ते सार्वजनिक बागेत एका झाडाखाली बसून राहिले. मित्रांकडे विचारून पाहिले, कोणाची पत्नी नाराज होईल, कोणाचे नोकर सोडून जातील, असे निरोप आले. अखेर रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

बडोद्याची ती नोकरी लहान होती का? वेतन, हुद्दा, पुढील बढती, कोणत्याही मापाने पाहता ती मोठीच होती. आपल्या आजच्या भाषेत सरकारी, कायम आणि वरच्या वर्गाची. ती सोडून त्यांनी मुंबईत काय धरले? दोन विद्यार्थ्यांच्या शिकवण्या. एका पारशी गृहस्थाचा पत्रव्यवहार व हिशेब पाहण्याचे काम. भागभांडवलाच्या व्यवहारात सल्ला देण्याची एक लहानशी पेढी त्यांनी काढली. प्रारंभी तीत गिऱ्हाईक येऊ लागले, पण सल्लागाराची जात कळताच येईनासे झाले आणि पेढी बंद पडली. अमेरिकेत शिकून आलेला, जगातील नामांकित अध्यापकांच्या हाताखाली तयार झालेला अर्थशास्त्रज्ञ शिकवण्यांवर घर चालवू लागला. हुद्द्याच्या शिडीवर हा उतार आहे. तथापि बाबासाहेबांनी तो पत्करला. ज्या जागी राहावयास छप्पर मिळत नाही व ज्या कचेरीत पाण्याचा पेला मिळत नाही, तेथली मोठी नोकरी त्यांना शिकवणीपेक्षा लहान वाटली. त्यांच्या निवडीचे माप त्या नोकरीच्या नावात नव्हते. ती केल्याने माणूस म्हणून ताठ उभे राहता येते का, आणि पुस्तक उघडण्यास वेळ उरतो का, या दोन प्रश्नांत होते. प्रस्तुत लेखकाच्या समजुतीप्रमाणे या वर्षांतील सर्व गोष्टींचा अर्थ एवढाच आहे.

काही चरित्रे ही वर्षे हलाखीची म्हणून एका परिच्छेदात उरकतात. ते योग्य वाटत नाही. शिकवण्या करीत असतानाच १९१८ साली त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर विद्वत्तापूर्ण निबंध प्रसिद्ध केला. कोकणात ज्याची शेती चार ठिकाणी चार गुंठ्यांत तुटली आहे अशा कोणालाही त्या निबंधाचा विषय आजही परका वाटणार नाही. जमीन लहान आहे हे खरे दुखणे नसून तिच्यावर पोट भरणारी माणसे फार व त्यांना दुसरा उद्योग नाही हे खरे दुखणे आहे, म्हणून शेतीवरचा भार कारखानदारीकडे वळविला पाहिजे, असा त्याचा आशय आहे. हे लिहिणाऱ्याला त्या वेळी स्वतःलाच धड उद्योग नव्हता, ही दैवाची थट्टा म्हणावी की आणखी काही!

त्याच वर्षी मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या अध्यापकाची जागा रिकामी झाली. लंडनच्या मुक्कामात मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्याशी ओळख झाली होती, तिचा उपयोग झाला. नोव्हेंबर १९१८ मध्ये दरमहा ४५० रुपयांवर त्यांची नेमणूक झाली. नेमणूक कायमची नव्हती. आरंभी विद्यार्थ्यांनी या नव्या अध्यापकाकडे दुर्लक्ष केले, पण थोड्याच दिवसांत दुसऱ्या महाविद्यालयांची मुलेही त्यांच्या वर्गात येऊन बसू लागली. अध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतलाच. बडोदे मागे टाकले म्हणून तो प्रश्न मागे राहिला नव्हता. मात्र येथे डोक्यावर छप्पर होते आणि वर्गात अधिकार होता.

४५० रुपये ही त्या काळी लहान रक्कम नव्हे. चाळीतून निघून चांगल्या वस्तीत बिऱ्हाड करता आले असते. ते झाले नाही. परळच्या चाळीतील त्याच दोन खोल्यांत ते राहिले. पगारातील ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हाती जाई व उरलेली पै न पै लंडनसाठी बाजूस पडे. येथे रमाबाईंचे नाव केवळ उल्लेखून पुढे जाणे अन्यायाचे होईल. दापोलीजवळच्या वणंद गावची ही मुलगी. नवरा परदेशी असताना तिने कमालीच्या ओढाताणीत दिवस काढले होते. आता नवरा अध्यापक झाला, पगार घरी येऊ लागला, तेव्हा तरी चार दिवस सुखाचे यावेत असे तिला वाटले असल्यास नवल नाही. परंतु त्या पगाराचा घरासाठी येणारा भाग जेवढा तेवढ्यातच तिने महिना भागविला. आपले पदवीधर जेव्हा लहान नोकरी धरून पुढील परीक्षेची तयारी करतो असे सांगतात, तेव्हा त्या तयारीचे खरे मोल घरातील कोणती स्त्री मोजीत आहे हेही त्यांनी पाहावे. रमाबाईंनी मोजलेले मोल फार जबर होते. त्यांची चार मुले लहानपणीच गेली, त्यांत शेवटचा राजरत्न १९२६ साली.

या अध्यापकीच्या काळातच, ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. सरकारी महाविद्यालयाचे नोकर म्हणून त्यांना संपादक या नात्याने नाव घालता आले नाही, लेखणी मात्र त्यांचीच होती. पुढे मार्च १९२० मध्ये त्यांनी महाविद्यालय सोडले. साठलेली शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि कोलंबियापासूनचे स्नेही नवल भथेना यांनी दिलेले सुमारे ५,००० रुपयांचे कर्ज, एवढ्या बळावर १९२० च्या जुलैत ते पुन्हा लंडनला निघाले. चार वर्षांची मुदत संपावयास सवा वर्ष बाकी होते!

चांगली चाललेली नोकरी सोडली, हे आपल्यातील कित्येकांस पटणार नाही. ते तसे पटण्यासारखे आहेही कोठे? बायको, मुलगा, भावाच्या पश्चात त्याचे कुटुंब, इतकी माणसे मागे. कर्ज काढून परदेशी जावयाचे आणि तेही तिसाव्या वर्षी. प्रस्तुत लेखकाचा हेतू असा नव्हे की आपल्या प्रत्येक मुलाने असे करावे. सगळ्यांना भथेना भेटत नाहीत. ज्याच्या घरी म्हातारे आईबाप औषधाला महाग आहेत त्याने शिल्लक टाकून परीक्षेस जावे असे सांगणे सोपे, पण ते ऐकणाऱ्यास कठीण आहे. परंतु हे चरित्र वाचताना एक भेद दिसतो तो दाखविणे कर्तव्य आहे. बाबासाहेबांनी सिडनहॅमची जागा स्वीकारली तेव्हाच ती केव्हा सोडावयाची हे त्यांना ठाऊक होते. आपली मुले लहान जागा धरतात तेव्हा तिच्या मागे अशी काही तारीख लिहिलेली असते का? बहुधा नसते. मग दोन वर्षांची पाच होतात, पाचांची दहा, आणि ठेकेदार बदलत जातो तरी काम बदलत नाही. उलट दुसऱ्या बाजूला जी मुले मोठ्या जागेखेरीज काहीच नको म्हणून पुण्यात खोली करून परीक्षेमागून परीक्षा देत राहतात, त्यांच्याही भिंतीवर शेवटची तारीख टांगलेली नसते.

लंडनमध्ये ते सकाळी पावाच्या तुकड्यावर व चहावर भागवून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात ते बंद होईपर्यंत वाचीत बसत. १९२१ साली एम. एस्सी. मिळाली. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांच्या आक्षेपामुळे पुन्हा लिहून पाठवावा लागला आणि १९२३ साली डी. एस्सी. मिळाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते परत आले. वकिलीची सनद काढण्यासही जवळ पैसे नव्हते, पुन्हा भथेना कामास आले.

आता तरी मोठी जागा घ्यावयाची? अर्थशास्त्रातील एवढ्या पदव्या असता सरकारी नोकरीत शिरण्याची खटपट त्यांना करता आली असती. त्यांनी वकिलीच धरली, ती अशासाठी की वकील हा कोणाचा नोकर नसतो व समाजकार्यास मोकळा राहतो. परंतु हायकोर्टात सॉलिसिटर लोक अस्पृश्य बॅरिस्टराकडे काम घेऊन येईनात. जिल्ह्यांतील लहानसहान दावे, गरीब पक्षकार, कित्येकदा फीशिवाय. म्हणूनच प्रारंभी सांगितलेली बाटलीबॉयची अर्धवेळ शिकवणी. जगन्मान्य विद्वान हिशेबनिसीच्या मुलांना हुंड्या व करार यांचा कायदा समजावून सांगत असे, आणि तेथून निघून बहिष्कृत हितकारिणी सभेच्या कामास लागत असे. १९२४ च्या जुलैत स्थापन झालेल्या या सभेने पुढे वसतिगृहे व वाचनालये चालविली. १९२७ च्या मार्चमध्ये महाडची पहिली परिषद झाली, चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, एप्रिलात ‘बहिष्कृत भारत’ निघाले आणि डिसेंबरात दासगावचे बंदर आले. हे सारे त्या अर्धवेळ नोकरीच्या वर्षांतले. पूर्ण वेळाची व मोठ्या मानाची सरकारी जागा असती तर ‘मूकनायक’च्या वेळी जसे नाव झाकावे लागले तसेच महाडातही झाकावे लागले असते. लहान नोकरीने त्यांना मोकळे ठेवले, असे म्हणावयास हरकत नाही.

ज्या महाविद्यालयीन जागा मानाच्या समजल्या जातात त्या पुढे चालून आल्या. १९२८ पासून सरकारी विधी महाविद्यालयात त्यांनी शिकविले, आणि १९३५ च्या जूनमध्ये तेथेच ते प्राचार्य झाले. रमाबाई त्याच वर्षीच्या २७ मे रोजी वारल्या होत्या. प्राचार्यपदाचे ते दिवस त्यांना पाहावयास मिळाले नाहीत. चवदार तळ्याच्या खटल्याचा हायकोर्टातील अनुकूल निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला, त्या वेळी बाबासाहेब प्राचार्यपदावर होते. त्यानंतरचे मजूरमंत्रिपद, घटनेचा मसुदा, कायदेमंत्रिपद हा भाग सर्वविश्रुत आहे आणि तो आपल्या प्रश्नाच्या बाहेरचा आहे.

शिकलेल्या लोकांविषयी मात्र त्यांच्या मनात शेवटी शेवटी खंत होती. १९५६ च्या मार्चमध्ये आग्रा येथील सभेत त्यांनी ती बोलून दाखविली. शिकून नोकरीस लागलेले लोक आपल्या पोटापुरते पाहून स्वस्थ बसले, समाजाकडे त्यांनी पाठ फिरविली, असा तिचा रोख होता. त्या खंतीत नोकरी लहान की मोठी याचा उल्लेख नव्हता. कारकून असो वा अधिकारी, टेबलाशी बसल्यावर जो उठलाच नाही त्याच्याविषयी ती होती.

उठू पाहणाऱ्यांची सोय त्यांनी स्वतः करून ठेवली होती. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली व १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. त्याचे वर्ग सकाळी लवकर भरत. कचेरीत कारकुनी करणारा, पेढीवर हिशेब लिहिणारा तरुण सकाळी व्याख्याने ऐकून दहा-साडेदहाला कामावर हजर राहू शके. शिकवण्या करून अभ्यास पुरा केलेल्या माणसाने वेळापत्रक आखले म्हणजे ते असे आखले जाते. याच संस्थेने १९६१ साली महाडास त्यांच्या नावाचे महाविद्यालय काढले. दासगाव, वीर, टोळ या बाजूच्या मुलांना पदवीसाठी मुंबईस जाण्याची गरज तेव्हापासून उरली नाही. आपल्या मंडळाच्या पदवीधरांच्या यादीतील पुष्कळ नावे त्याच महाविद्यालयाची आहेत.